आई घरातली आरोग्ययंत्रं का वापरत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. आई ७६ वर्षांची, एकटी राहणारी. हृदयाचं पंपिंग कमी झालेलं, म्हणजे हार्ट फेल्युअर, आणि जोडीला मधुमेह. तुम्ही दुसऱ्या शहरात. दोन वर्षांत तुम्ही तिला फोनला जोडलं जाणारं बीपीचं यंत्र, तसाच वजनकाटा, पडल्यावर आपोआप इशारा देणारं घड्याळ आणि बैठकीच्या खोलीत एक कॅमेरा एवढं घेऊन दिलंत. पहिले पंधरा-वीस दिवस सगळं सुरळीत चाललं. आता घड्याळ कपाटात आहे, कॅमेऱ्यावर टॉवेल टाकलेला असतो, आणि विषय काढला की ती म्हणते, "या वयात मला हे नको." तिला तयार कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली बावीस वर्षं घरोघरी जाऊन वयस्कर रुग्णांना तपासतो. तुम्ही वर्णन केलेलं कपाट मी असंख्य घरांत पाहिलंय. म्हणून आधी तुमच्याच प्रश्नातल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो: पहिले पंधरा-वीस दिवस तिने सगळं वापरलं. म्हणजे तिला ते जमत होतं, आणि इच्छाही होती. मग ती इच्छा विसाव्या दिवसानंतर गेली कुठे? आईला तयार कसं करायचं यापेक्षा हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे, कारण त्याचं उत्तर बहुतेक वेळा यंत्राच्या दुसऱ्या टोकाला सापडतं, आईच्या स्वभावात नाही.

माणसं नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात याचा सर्वांत गाजलेला आराखडा फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने १९८९ मध्ये मांडला. त्यात दोन गोष्टी आहेत: हे माझ्या उपयोगाचं आहे असं मला वाटतं का, आणि हे वापरायला सोपं वाटतं का. पण तो आराखडा मुळात कार्यालयात काम करणाऱ्यांवर तपासला होता. हाँगकाँगमध्ये चेन आणि चॅन या संशोधकांनी ५५ वर्षांवरच्या हजाराहून जास्त लोकांचा अभ्यास करून २०१४ मध्ये तो ज्येष्ठांसाठी वाढवला. त्यांना असं दिसलं, की उपयुक्तता आणि सोपेपणा यांपेक्षा माणसाची तब्येत, 'मला हे जमेल' हा भरवसा, यंत्राची धास्ती आणि अडलं तर हाताशी कोण आहे, यांवरून प्रत्यक्ष वापराचा अंदाज जास्त चांगला येतो. माझा अनुभवही तोच आहे. 'किती उपयोगाचं आहे बघ' असं पुन्हा पुन्हा पटवून फारसं काही हलत नाही. उपयोग त्यांना माहीत असतो.

मग नकार कशाला असतो? इंग्लंडमध्ये २००८ पासून एक फार मोठी चाचणी झाली. कॉर्नवॉल, केंट आणि लंडनमधलं न्यूहॅम अशा तीन भागांतल्या ३,२३० रुग्णांवर, मधुमेह, हृदय आणि फुप्फुसांचे जुने आजार असलेल्यांवर, घरी मोजमाप करून ते दूर पाठवण्याची पद्धत तपासली गेली. मला तिच्या मुख्य निष्कर्षांपेक्षा एक बाजूचा अभ्यास जास्त शिकवून गेला. चाचणीत यायला ज्यांनी नकार दिला किंवा जे मध्येच बाहेर पडले, त्यांच्याशी संशोधक सविस्तर बोलले. यंत्र चालवता येणार नाही ही भीती काहींना होतीच. पण बरेच जण वेगळं सांगत होते: मी माझी काळजी घेतोय, ही वस्तू घरात आली की मी आजारी माणूस ठरतो. आणि दुसरं: आज जी नर्स मला भेटायला येते, तिच्याऐवजी हा डबा येणार असेल तर मला नको.

हे दोन्ही मुद्दे मी तुमच्या आईच्या तोंडी घालून पाहतो. "या वयात मला हे नको" या वाक्यात 'हे' म्हणजे काय, ते आपण तिला विचारलेलंच नसतं. घड्याळ नको असेल. घड्याळामुळे शेजारीपाजारी जी चौकशी करतात ती नको असेल. किंवा तुमची भेट कमी होऊन तिच्या जागी कॅमेरा आला, असं तिला वाटत असेल. तुम्ही दूर आहात, काळजीपोटीच तुम्ही हे सगळं केलंत, यात मला तिळमात्र शंका नाही. तिलाही नसावी. तरी कॅमेरा लागल्यापासून तुमच्या फोनची संख्या कमी झाली का, हे एकदा आठवून पाहा.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं त्याकडे येतो.

एक निवृत्त शिक्षक माझे रुग्ण होते. बीपी रोज सकाळ-संध्याकाळ मोजायचे, वहीत सुंदर अक्षरात तारीखवार लिहायचे, ॲपमध्येही जायचं. आठ महिन्यांनी मी गेलो तर वही बंद. मी जरा रागावलोच. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, आठ महिने मी लिहितोय. तुम्ही एकदाही उघडून पाहिलं नाहीत. मी हे कुणाला दाखवतोय?" ते खरं होतं. आकडे माझ्या संगणकावर येत होते आणि मी ते पाहत नव्हतो, कारण सगळं ठीक असेल असं मी गृहीत धरलं होतं. त्या दिवसापासून, आकड्याला उत्तर देणारा माणूस ठरल्याशिवाय मी कुणाच्याही घरी यंत्र ठेवायला सांगत नाही.

माझ्या एका चुकीवरून मी एवढं मोठं विधान करत नाहीये. हार्ट फेल्युअरच्या दोन चाचण्या शेजारी ठेवून बघा. अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. त्यात १,६५३ रुग्ण होते, नुकतेच रुग्णालयातून घरी गेलेले. निम्म्यांना रोज एका नंबरवर फोन करायचा होता. तिथे ध्वनिमुद्रित आवाज प्रश्न विचारायचा, रुग्णाने वजन आणि लक्षणं फोनची बटणं दाबून सांगायची. उत्तरं डॉक्टरांच्या टीमपर्यंत पोहोचत होती, पण रुग्णाच्या कानावर पडायचा तो यंत्राचा आवाज. ज्यांना ही सोय दिली त्यांतल्या १४ टक्के लोकांनी ती एकदाही वापरली नाही. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून निदान तीनदा फोन करणारे ५५ टक्केच उरले. रुग्णालयात पुन्हा भरती होण्यात किंवा मृत्यूंत काही फरक पडला नाही.

जर्मनीतली दुसरी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. १,५७१ रुग्ण, सरासरी वय सत्तरच्या आसपास, म्हणजे आधीच्या चाचणीतल्या लोकांपेक्षा वयाने मोठे. त्यांना वजनकाटा, बीपीचं यंत्र, हृदयाचा आलेख काढणारं ईसीजी आणि बोटावर लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर अशी चार यंत्रं रोज वापरायची होती, म्हणजे काम कितीतरी जास्त. पण पलीकडे दिवसरात्र डॉक्टर आणि नर्स बसलेल्या होत्या. त्या आकडे बघायच्या, फोन करायच्या, औषधं बदलायच्या, रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलायच्या. तिथे ९७ टक्के रुग्णांनी ठरलेल्या दिवसांपैकी निदान ७० टक्के दिवस आकडे पाठवले. मृत्यूही कमी झाले: दर १०० रुग्ण-वर्षांमागे (म्हणजे १०० रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं तर) ११.३ च्या जागी ७.९. दोन चाचण्यांमधले रुग्ण वेगळे, काळ वेगळा, निवडीचे निकष वेगळे, त्यामुळे सगळं श्रेय एका गोष्टीला देता येणार नाही. तरी चार यंत्रं रोज हाताळणारे सत्तरीतले लोक जर टिकून राहतात, तर 'या वयात जमत नाही' हे कारण मी तरी पहिलं म्हणून स्वीकारणार नाही.

तेव्हा तुमच्या आईचं वजन आज सकाळी अचानक वाढलं, तर नेमकं काय होतं? ॲपमध्ये एक लाल टिंब येतं. ते कोण बघतं? तुम्ही, ऑफिसातून, संध्याकाळी. मग तुम्ही काय करता? या साखळीतलं एक माणूस जरी धूसर असलं, तरी आईला ते पंधरा दिवसांत कळतं. वयस्कर माणसं कष्टाची किंमत ओळखतात. रोज वाकून काट्यावर चढायचं आणि त्याचं पुढे काहीच होत नाही, तर का चढायचं?

याची आणखी वाईट तऱ्हा म्हणजे उत्तर येतं, पण ते रागावण्याच्या रूपात येतं. बीपी १६५ दिसलं की मुलाचा फोन: "पुन्हा मीठ जास्त खाल्लंस ना? औषध चुकवलंस ना?" शुगर वाढली की सुनेचा फोन. एका आजोबांनी मला सांगितलं होतं, "ते यंत्र माझ्याविरुद्ध साक्ष देतं." घरात आधीच 'आता एकटं राहू नकोस' हा वाद चालू असेल तर प्रत्येक आकडा त्या वादातला पुरावा होतो. मग माणूस शहाणपणाने मोजणंच बंद करतो, किंवा तीनदा मोजून त्यातला बरा आकडा तेवढा सांगतो. तुमच्या घरी असं घडतंय असं मी म्हणत नाही, पण प्रामाणिकपणे तपासा. वाढलेल्या आकड्यावर तुमचं पहिलं वाक्य "बरं वाटतंय ना?" असं असतं, की "काय केलंस?" असं?

पडल्याचा इशारा देणाऱ्या साधनांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण घरच्यांचा सर्वांत जास्त भरवसा यावर असतो. केंब्रिजमधल्या नव्वदी ओलांडलेल्या लोकांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात त्यांच्यातले ६० टक्के पडले. पडलेल्यांपैकी ८० टक्के निदान एकदा तरी स्वतःहून उठू शकले नाहीत आणि ३० टक्के एक तास किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून होते. यांतल्या बऱ्याच जणांकडे मदतीला बोलावण्याचं बटण किंवा दोरी होती. तरीही एकटं असताना पडून उठता न आलेल्या प्रसंगांत, साधन असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी ते वापरलंच नाही. मी हा अभ्यास वाचला तेव्हा मला माझ्याच रुग्णांचे चेहरे आठवले. एकीने बटण न्हाणीघराच्या बाहेर खुंटीला लावलं होतं, कारण ते भिजेल अशी भीती, पडली आत. एकाच्या गळ्यात बटण होतं, हातही पोहोचत होता, पण "रात्री दोन वाजता कुणाला कशाला उठवायचं" म्हणून तो पहाटेपर्यंत तसाच पडून राहिला. तिसरीला वाटलं, बटण दाबलं की रुग्णवाहिका येईल, रुग्णालयात नेतील आणि मग घरी परत पाठवणार नाहीत.

या तिन्ही कारणांपैकी एकालाही जास्त महागडं यंत्र हे उत्तर नाही. पहिल्याला उत्तर म्हणजे भिजलेलं चालतं हे तिच्या डोळ्यांसमोर नळाखाली धरून दाखवणं. दुसऱ्याला उत्तर म्हणजे ज्याला फोन जाणार आहे त्याने स्वतः येऊन "मला उठवा, मला राग येणार नाही" असं सांगणं, आणि एकदा मुद्दाम रात्री बटण दाबून बघणं. तिसरी भीती सर्वांत खोल आहे. तिला उत्तर देताना आधी घरच्यांनी एकमेकांत ठरवावं लागतं की एकदा पडली म्हणून तिचं घर सुटणार नाही. ते तुम्ही ठरवलेलं नसेल, तर तिचा नकार चुकीचा आहे असं मी म्हणू शकत नाही.

मनगटावरच्या घड्याळाला बटण दाबावं लागत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण ते जोराचा धक्का आणि त्यानंतरची निश्चलता ओळखतं. खुर्चीवरून हळूहळू घसरत खाली बसलेलं माणूस त्याच्या लक्षात येईलच असं नाही, आणि वयस्कर माणसं बऱ्याचदा अशीच पडतात. शिवाय बरीचशी घड्याळं रोज किंवा दोन दिवसांनी चार्ज करावी लागतात. लोक ती रात्री काढून चार्जिंगला लावतात, आणि रात्री लघवीला उठताना मनगट मोकळं असतं. आईने घड्याळ घालायचं ठरवलंच, तर चार्जिंग दुपारी, ती खुर्चीत बसून वाचत किंवा टीव्ही बघत असते त्या वेळेला लावायला सांगा.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या माणसाच्या राहत्या खोलीत तिच्या मनापासूनच्या संमतीशिवाय कॅमेरा असू नये. टॉवेल टाकून तिने तिचं उत्तर दिलेलं आहे. तुम्हाला खरं तर जाणून घ्यायचंय ते इतकंच, की सकाळी ती उठून हिंडूफिरू लागली का. त्यासाठी चित्राची गरज नाही. हालचाल टिपणारा छोटा सेन्सर किंवा दारावरचा सेन्सर तेवढं सांगतो, आणि त्यात ती केस विंचरताना किंवा डोळे पुसताना कुणाला दिसत नाही. त्याहून साधं म्हणजे सकाळी आठच्या आत एक फोन, तिच्याकडून तुम्हाला. ती करणार, तुम्ही घेणार. यात ती पाहणीची वस्तू राहत नाही, कळवणारी होते. माझ्या रुग्णांमध्ये हा उपाय टिकतो.

आता शरीराकडे. नकार म्हणून जे दिसतं त्यातला बराच भाग खरं तर त्वचा, डोळे आणि कान यांचा असतो. वयानुसार बोटं कोरडी पडतात आणि टचस्क्रीनला बोट नीट कळत नाही. मग माणूस जोर देऊन दाबून धरतो, फोन त्याचा अर्थ 'लाँग प्रेस' असा घेतो आणि भलतंच काहीतरी उघडतं. बघणाऱ्याला वाटतं की आईला समजत नाहीये. फोनच्या सेटिंगमध्ये दाबण्याचा कालावधी वाढवता येतो, किंवा रबरी टोकाची पेन्सिल देता येते. वयाचा बहिरेपणा आधी उंच पट्टीचे आवाज खातो, आणि बऱ्याच यंत्रांचा बीप नेमका उंच पट्टीत असतो. तिला तो ऐकूच येत नाही. डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे फिकट निळ्यावर पांढरी अक्षरं ही तिच्यासाठी जवळजवळ कोरी पाटी. ओटीपीचं तर विचारूच नका: एका पडद्यावरचे सहा आकडे लक्षात ठेवून, वेळ संपायच्या आत, दुसऱ्या पडद्यावर टाकायचे. स्मरणशक्तीचा नेमका जो भाग वयाबरोबर हळू होतो, त्याचीच ही परीक्षा आहे. जे यंत्र रोज लॉगइन मागतं ते तिच्या घरी ठेवूच नये, या मतावर मी बरीच वर्षं ठाम आहे.

शिकवण्याबद्दल एकच गोष्ट सांगतो. तिच्या हातातून फोन घेऊ नका. "थांब, मी करून देते" या वाक्याने जितकं नुकसान होतं तितकं कशानेच होत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये 'मला जमेल' हा भरवसा कुठून येतो ते मांडलं. दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी धीर देणं, मनाची स्थिती, हे सगळं त्यात येतं; पण सर्वांत बळकट स्रोत म्हणजे स्वतः एकदा करून दाखवलेलं असणं. म्हणून एका भेटीत एकच काम, तिच्याच हाताने, सलग दोन-तीन वेळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन दिवसांनी. पायऱ्या तिने तिच्या शब्दांत, तिच्या अक्षरात एका कार्डावर लिहाव्यात. मी छापील चित्रमय पुस्तिका वाटून पाहिल्या आहेत. त्या खणात जातात. स्वतःच्या अक्षरातलं कार्ड यंत्राला चिकटून राहतं. आणि शक्य असेल तर शिकवायला तिच्याच वयाची, ते यंत्र वापरणारी मैत्रीण मिळवा. नातवंडं फार भरभर शिकवतात.

चुकीच्या मोजमापाने विश्वास लवकर तुटतो, म्हणून बीपीची पद्धत तिला एकदा नीट बसवून द्या. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या पातळीवर, मोजताना बोलायचं नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा. दंडाच्या जाडीपेक्षा पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. घरी मोजलेल्या बीपीची सरासरी १३५/८५ च्या पुढे गेली तर ती जास्त मानतात, दवाखान्यातल्या १४०/९० च्या नव्हे. हृदयाचे ठोके अनियमित असतील (एट्रियल फिब्रिलेशन) तर ही यंत्रं दर वेळी वेगळा आकडा देऊ शकतात. तेव्हा 'यंत्रच खराब' असा निष्कर्ष ती काढते आणि त्यात तिचं काही चुकत नाही. ऑक्सिमीटर थंड बोटांवर आणि नेलपॉलिशवर गडबडतो. गडद त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतो, हे २०२० च्या एका मोठ्या विश्लेषणाने ठळकपणे समोर आणलं. म्हणून दम लागत असेल आणि आकडा चांगला असेल, तर दम खरा माना.

मधुमेहासाठी ती इन्सुलिन घेत असेल, किंवा शुगर एकदम खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर दंडावर चिकटवायच्या ग्लुकोज सेन्सरबद्दल तिच्या डॉक्टरांना विचारा. टाइप १ मधुमेह (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) असलेल्या साठीपुढच्या २०३ लोकांवरची चाचणी २०२० मध्ये आली. त्यात सेन्सर वापरणाऱ्यांची शुगर ७० च्या खाली, म्हणजे धोकादायकरीत्या कमी, राहण्याची वेळ दिवसाला सुमारे ७३ मिनिटांवरून ३९ मिनिटांवर आली. सेन्सर नसलेल्यांमध्ये ती जवळपास तशीच राहिली. उतारवयात जास्त आढळणाऱ्या टाइप २ मध्ये तेवढाच फायदा होईल असं मी म्हणणार नाही. पण हे साधन वयस्कर लोक टिकवून वापरतात असं मला दिसतं, आणि कारण उघड आहे: बोट टोचायचं वाचतं. त्यांना त्याच दिवशी काहीतरी परत मिळतं.

एक सावधगिरी. जे यंत्र आई सहज वापरत होती तेच तिला अचानक जमेनासं झालं, पायऱ्या उलटसुलट होऊ लागल्या, पासवर्डच नव्हे तर यंत्र कशासाठी आहे हेच ती विसरू लागली, तर त्याला हट्ट समजू नका. नजर, श्रवण, उदासी, औषधांचा परिणाम, एखादा संसर्ग, स्मृतिभ्रंशाची सुरुवात, यांपैकी काहीही असू शकतं. तपासून घ्या. मी एका बाईंच्या लघवीच्या संसर्गाचं निदान केलं ते त्यांच्या मुलाच्या "आई दोन दिवस गोळ्यांचा डबा उघडायलाच विसरतेय" या तक्रारीवरून.

तुमच्या घरी मी काय केलं असतं ते सांगतो. पुढच्या भेटीत कॅमेरा तुम्ही स्वतः, तिच्यासमोर काढा आणि "तुला न विचारता लावला, चुकलं" असं म्हणा. बाकी कशाचाही विषय त्या दिवशी काढू नका. दुसऱ्या दिवशी तिला विचारा, तब्येतीतली कोणती गोष्ट तुला पुन्हा होऊ नये असं वाटतं? हार्ट फेल्युअरचे माझे बरेच रुग्ण सांगतात, रात्री आडवं झाल्यावर गुदमरून उठलो, ते पुन्हा नको. तिने असं काही सांगितलं, की वजनकाट्याला पहिल्यांदाच अर्थ येतो, कारण शरीरात पाणी साठायला लागतं ते बऱ्याचदा दम लागायच्या आधी काट्यावर दिसतं. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढ, हा सर्वसाधारण धोक्याचा इशारा मानतात. तिच्यासाठीचा आकडा आणि त्या वेळी पाण्याच्या गोळीचं (लघवीवाटे जादा पाणी काढणाऱ्या गोळीचं) काय करायचं, ते तिच्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या. कुणाला फोन करायचा, त्याने किती वेळात परत फोन करायचा, आणि तो नसेल तर कोण, हेही त्याच कागदावर. हा कागद होईपर्यंत काटा सुरू करू नका.

सुरुवात एकट्या काट्याने करा. बीपीचं यंत्र महिन्याभराने, तेही डॉक्टरांना हवे असतील तेवढेच दिवस. आयुष्यभर रोज दोनदा मोजायला सांगितलं की कुणीही कंटाळतं. घड्याळाचं सर्वांत शेवटी बोला, आणि ती नाही म्हणाली तर ते बंद करून ठेवा. तिची बुद्धी शाबूत आहे, धोका काय आहे हे तिला समजतं, तर पडण्याचा तेवढा धोका पत्करून मनगट मोकळं ठेवण्याचा तिला हक्क आहे. तेव्हा सकाळचा फोन, न्हाणीघरातला आधाराचा दांडा आणि शेजाऱ्याकडे एक किल्ली, यांवर भर द्या.

काटा टणक, सपाट फरशीवर ठेवा, शेजारी धरायला काहीतरी हवं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी, रोज साधारण त्याच कपड्यांत. ब्लूटूथ चाललं तर ठीक, नाही तर आकडा वहीत लिहिला तरी पुरतो. आणि पहिल्या महिन्यात रोज, तिने वजन कळवलं की तुमचं उत्तर त्याच सकाळी जाऊ दे, आकडा अगदी कालचाच असला तरी.